मामूच्या हातात गाडी तापत नाही

"अम्मी, काटा! काटा बघ!" मागच्या सीटवरून नावेद किंचाळला.

"दिसतोय मला काटा! तू आधी खाली बस!"

काटा अम्मीला दिसत होता हो, पण ती करणार काय? पुढे एसटी, मागे टेम्पो, डाव्या हाताला कलिंगडांची हातगाडी आणि उजवीकडे एक रिक्षावाला, जो भर रस्त्यात गाडी आडवी घालून निवांत फोनवर बोलत होता. मे महिन्यातली दुपार, उरण नाका आणि वाहतुकीची कोंडी! गाड्या जागच्या जागी घुरघुरत उभ्या होत्या. अम्मीच्या पांढऱ्या गाडीतला तापमानाचा काटा मघापर्यंत मधल्या खुणेवर शहाण्यासारखा बसला होता. तो हळूहळू वर सरकला, आणखी वर गेला आणि थेट लाल पट्टीला टेकला. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ बाहेर आली. फुस्स्!

"या अल्ला!" अम्मीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

झालं! मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ सुरू झाला. टेम्पोवाल्याने तर खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "ओ बाई, नीट शिकून तरी यायचं ना रस्त्यावर!"

पुढच्या सीटवर बसलेल्या अल्फियाच्या अंगाचा तिळपापड झाला. अम्मीने तीन महिने क्लास लावून, आठ आकडा काढून, पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलं होतं. पण हे त्या टेम्पोवाल्याला सांगणार कोण? आणि तो ऐकणार थोडाच! अल्फिया खाली उतरली, नावेदला ओढून उतरवलं आणि दोघांनी ढकलत ढकलत गाडी कडेला घेतली.

वहाबमामूचं सुक्या मेव्याचं आणि अत्तराचं दुकान नाक्यावरच होतं. मामू यायच्या आधी त्याचं अत्तर येतं, असं नावेद म्हणायचा. आताही आधी गुलाबाचा वास आला आणि पाठोपाठ मामू.

"क्लच!" तो लांबूनच म्हणाला. "रुकय्या, परत क्लचवर पाय ठेवून बसलीस ना?"

"नव्हता ठेवला, भाईजान."

"मग इंजिन काय हौस म्हणून तापतं? माझ्या हातात का नाही तापत?"

हे मात्र खरं होतं! मामूच्या हातात ती गाडी एकदाही तापली नव्हती. इंजिन निवल्यावर मामूने पाणी भरलं, स्वतः स्टिअरिंगवर बसला, काचा वर केल्या, एसी सोडला आणि त्याच कोंडीतून, त्याच रिक्षांच्या गर्दीतून गाडी आरामात घरी आणली. काटा मधल्या खुणेवरून तसूभर हलला नाही.

"बघितलंस? गाडी अशी चालवतात," मामू म्हणाला.

अम्मीने मुकाट मान डोलावली. अल्फियाला तेच जास्त लागलं. एरवी अम्मी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती.

संध्याकाळी घरी बैठक बसली. अल्फियाचे अब्बू मस्कतला नोकरीला होते, त्यामुळे घरातल्या मोठ्या गोष्टी मामूच ठरवायचा. म्हणजे त्याला तरी तसं वाटायचं. अल्फियाची दादी, हव्वाबी, खाटेवर बसून सुपारी कातरत होती.

"रविवारी जीवन येणार आहे गाडी बघायला. जुन्या गाड्या घेतो तो," मामूने जाहीर केलं. "देऊन टाकू. रोज रोज रस्त्यात वाफा! उद्या इंजिन बसलं तर भंगारवालाही हात लावायचा नाही."

"आणि माझी शाळा?" अम्मीने विचारलं.

उरणच्या पलीकडच्या एका शाळेत अम्मीला शिक्षिकेची जागा मिळाली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. सकाळची शाळा आणि तिथवर वेळेवर पोचवणारी एसटी नाही. गाडी आहे म्हणून तर ती हो म्हणाली होती. गाडी गेली की नोकरीही गेली, इतकं ते सरळ होतं.

"नवी नोकरी मिळेल गं. जवळपास बघू," मामू म्हणाला.

"वहाब, तुला काय जातंय बोलायला?" दादीने अडकित्ता थांबवला. "पोर केवढी मेहनत करून शिकलीय."

"चाची, माझ्या हातात तापली असती तर गोष्ट वेगळी होती. तापत नाही ना! मग दोष गाडीचा नाही, हाताचा आहे."

अम्मी उठली, किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि आत गेली. "भाईजान म्हणतात तसंच असेल. मलाच जमत नसेल," असं ती भाकरीचं पीठ मळता मळता स्वतःशीच पुटपुटली. ते अल्फियाने ऐकलं. त्याच क्षणी तिने ठरवलं, की रविवारच्या आत याचा छडा लावायचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात बैठक बसली, ही मुलांची. तिसरी हजर होती कीर्ती. ती खालच्या मजल्यावर राहायची, अल्फियाच्याच वर्गात होती. मूळची करंज्याची, आजोबांची तिथे मच्छीमारीची बोट. डोकं तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख.

"आधी क्लचचं बघू," कीर्ती म्हणाली. "तुझी आई खरंच पाय ठेवून बसते?"

"मुळीच नाही. मी शेजारीच होते. कोंडीत अडकलो की ती गिअर काढते, हँडब्रेक ओढते आणि चपला काढून पाय मागे घेते. काल तर दोन्ही पाय सीटखाली होते."

"मग क्लच बाद! आता सांग, मामूच्या हातात काय वेगळं असतं?"

"अत्तर," नावेद म्हणाला.

"गप रे! गाडीला वास येतो का?"

"मी आपलं सुचवलं. तुम्हीच म्हणालात, काय वेगळं असतं ते सांग."

बराच वेळ डोकं खाजवून झालं. रस्ता तोच, गर्दी तीच, पेट्रोल तेच. शेवटी अल्फिया म्हणाली, "नुसतं जिन्यात बसून नाही कळायचं. मामूबरोबर गाडीत बसून बघायला हवं."

आणि संधी आपणहून चालत आली! पावसाळ्याआधी घरात सुकी मासळी भरून ठेवायची असते. दादीने मामूला फर्मान सोडलं होतं, की सुके बोंबील आणि जवळा करंज्याहूनच आण, बाजारातला नको. मामू अम्मीची गाडी घेऊन निघाला, तशी तिघं आत घुसली.

"तुमचं काय काम?" मामूने विचारलं.

"मला आज्याला भेटायचं आहे," कीर्ती म्हणाली.

"आम्हाला पण तिच्या आज्याला भेटायचं आहे," नावेद म्हणाला.

करंज्याला धक्क्यावर नुसती लगबग होती. बोटी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढायचे दिवस आलेले. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा आणि त्या वासाने खूश झालेली मांजरं सगळीकडे. मामू बोंबलांच्या भावावरून एका मावशीशी हुज्जत घालत बसला आणि मुलं कीर्तीच्या आजोबांकडे, काशिरामआज्याकडे, पळाली. आज्या बोटीचं इंजिन सुरू करत होता. धडधड झाली आणि आज्या इंजिनाकडे न बघता थेट बोटीच्या बाजूला वाकून बघायला लागला. तिथल्या एका नळीतून पाण्याची धार समुद्रात पडत होती.

"हे काय बघतात?" अल्फियाने विचारलं.

"इंजिन गार करायला समुद्राचं पाणी आत घेतात. ते फिरून बाहेर पडलं, की समजायचं सगळं ठीक आहे," कीर्तीने सांगितलं. "धार नसली की ताबडतोब इंजिन बंद. नाहीतर…"

ती बोलता बोलता थांबली. तिने अल्फियाकडे पाहिलं. अल्फियाने तिच्याकडे पाहिलं.

"अल्फू! इंजिन का तापतं, हे आपण कवापासून शोधतोय," कीर्ती उत्तेजित झाली की घरचं बोलायला लागायची, "पन ते गार कशानं होतं, ते बगितलंच नाय!"

"गाडीत पाणी असतं की. आणि समोरच्या जाळीला वारा लागून ते पाणी गार होतं. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलेलं."

"गाडी पळते तवा वारा लागल. उभी असली तर?"

"तर कुणीतरी वारा घालायला हवा," नावेद म्हणाला. त्याला गंमत करायची होती. पण या वेळी कुणीच त्याला गप केलं नाही.

येताना पळस्प्याच्या अलीकडे कंटेनरची लांबच लांब रांग लागली होती. गाडी उभी राहिली. मामूने काचा बंद करून एसी आणखी वाढवला. आखातात वर्षानुवर्षं राहिल्यामुळे एसीशिवाय गाडी ही कल्पनाच त्याला सहन व्हायची नाही. काटा मधोमध! अल्फिया कान देऊन ऐकत होती. बॉनेटच्या आतून आवाज येत होता. घुर्रर… मग थोडा वेळ शांत. परत घुर्रर.

"मामू, हा आवाज कसला?"

"पंख्याचा. एसी लावला की पंखा फिरतो."

"आणि एसी नसेल तर?"

"पाणी तापलं की आपोआप फिरतो. अगं, यंत्र आहे ते, त्याला कळतं सगळं."

अल्फियाच्या अंगावर काटाच आला. काल उरण नाक्यावर, परवा टपाल नाक्यावर, त्याच्या आधी बसस्टँडसमोर गाडी तापली तेव्हा ती अम्मीच्या शेजारीच बसली होती. हा आवाज एकदाही आला नव्हता! आणि अम्मी एसी लावत नव्हती. का लावत नव्हती? तर मामूनेच तिला बजावलं होतं! नवशिक्याने एसी लावायचा नाही, इंजिनावर भार पडतो, गाडी तापते. अम्मीने तो नियम अगदी प्रामाणिकपणे पाळला होता. काचा खाली, घाम गळतोय, ओढणीने वारा घेतेय, पण एसीला हात नाही!

घरी पोचल्यावर तिघांनी अम्मीला घेरलं.

"अम्मी, फक्त खाली चल. चालवायची नाही, नुसती सुरू करायची."

"नको गं. मी हात लावला की ती तापते."

"तेच तर बघायचं आहे! चल ना. तुला माझी शपथ!"

अम्मी नाखुशीनेच किल्ली घेऊन खाली आली. बिल्डिंगच्या आवारात, सावलीत गाडी उभी होती. अम्मी आत बसली. एसी बंद, इंजिन सुरू. कीर्ती समोर उभी राहून जाळीआडचा पंखा बघत होती. नावेदकडे काट्याची जबाबदारी. ती त्याने इतकी मनावर घेतली, की डोळ्याची पापणी मिटेना.

काटा मधल्या खुणेपर्यंत आला. मग पुढे सरकायला लागला.

"कीर्ती, पंखा?"

"नाय! ढिम्म हाय!"

काटा आणखी वर गेला. अम्मीचा हात किल्लीकडे गेला. "बास! बंद करते मी."

"थांब अम्मी! आता एसी लाव."

"अगं तापलेल्या इंजिनावर एसी? भाईजान म्हणतात…"

"अम्मी, लाव!"

अम्मीने बटण दाबलं. खट् असा बारीक आवाज झाला आणि घुर्ररर!

"फिरला! पंखा फिरला!" कीर्ती उड्या मारायला लागली.

"उतरतोय! काटा उतरतोय!" नावेद ओरडला. आणि काटा खरोखरच, केलेल्या चुकीबद्दल माफी मागावी तसा मुकाट्याने मधल्या खुणेवर येऊन बसला.

अम्मीने स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे माझा हात…" ती म्हणाली आणि पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. तिचे डोळे भरून आले होते.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. मुलंही तशीच नाचत मामूच्या दुकानात गेली. पण मामू म्हणजे मामू! गिऱ्हाइकाला खजूर तोलून देत तो म्हणाला, "एसी लावल्यावर गाडी गार होते? हे नवीनच ऐकलं. सगळं जग म्हणतं एसीने इंजिन तापतं आणि तुम्ही निघालात उलटं शिकवायला! आवारात उभी होती, सावलीत होती, म्हणून उतरला काटा. पळा आता. आणि जीवन रविवारी दुपारी येतोय, गाडी धुऊन ठेवा."

"मामू, तू एकदा एसी न लावता चालवून बघ ना!"

"मी? मे महिन्यात? बिनएसीची? वेडी झालीस का?"

तिघं तोंड पाडून परत आली. घरी अम्मीही परत डळमळली. भाईजान एवढं खात्रीने सांगतात, तर त्यांचंच बरोबर असेल की काय!

"त्याला एसी बंद करायला लावणारं माणूस पाहिजे," कीर्ती म्हणाली. "असं माणूस, की ज्याला तो नाही म्हणू शकत नाही."

अल्फियाने हळूच खाटेकडे पाहिलं. दादी सुपारी कातरत होती. दादी मामूच्या गाडीत कधी बसायची नाही. एसीचा गार झोत लागला की तिचे गुडघे धरायचे.

"काय बघता गं भवान्यांनो?" दादी म्हणाली. "सगळं ऐकलंय मी. कान आहेत अजून मला. रविवारी बाजाराला जाऊ या की!"

रविवारी सकाळी दादीने फर्मान सोडलं, "वहाब, मला मासळी बाजारात घेऊन चल. गाडी विकायच्या आधी एकदा बसू दे तिच्यात."

हव्वाबीला नाही म्हणायची मामूची काय बिशाद! दादी पुढे बसली. मागे अम्मी, अल्फिया आणि कीर्ती दाटीवाटीने. नावेद दोन सीटांच्या मधल्या फटीतून मान पुढे काढून उभा, नजर काट्यावर. त्याला सांगून ठेवलं होतं, की काटा लाल पट्टीच्या जरा अलीकडे आला की सरबत मागायचं. गाडी उकळू द्यायची नाही!

मामूने सवयीने एसीकडे हात नेला.

"बंद कर तो!" दादी म्हणाली. "माझे गुडघे काय तू चेपणार आहेस? काच खाली घे."

"चाची, गरमी किती आहे…"

"आमच्या वेळी बैलगाडीला एसी होता का रे?"

मामूने निमूट काचा खाली केल्या. अल्फियाने कीर्तीला कोपर मारलं. कीर्ती गालातल्या गालात हसत खिडकीबाहेर बघत होती.

रविवारची सकाळ म्हणजे मासळी बाजाराचा रस्ता मुंगीलाही वाट मिळू नये असा भरलेला. उरण नाका आला आणि गाडी थांबली. थांबली ती थांबलीच. मामूच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला.

"मामू, पाय क्लचवर नाही ना?" अल्फियाने अगदी साळसूदपणे विचारलं.

"मला शिकवतेस? बघ, गिअर काढलाय, पाय बाजूला आहे."

"सगळ्यांनी बघितलं ना?" कीर्ती म्हणाली. "पाय बाजूला आहे!"

काटा मध्यावर. काटा पुढे. काटा आणखी पुढे…

"दादी, मला लिंबू सरबत पाहिजे!" नावेद केवढ्यांदा तरी ओरडला.

"आता कसलं सरबत?" मामू वैतागला आणि त्याचं लक्ष समोर गेलं. "अरे! अरे, हे काय? काटा कुठे गेला!"

"वहाब, तुझ्या हातात तर तापत नाही ना रे गाडी?" दादीने विचारलं.

मामूचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने किल्लीला हात घातला, तेवढ्यात अम्मी मागून पुढे झुकली. आता तिचा आवाज डळमळत नव्हता. "भाईजान, बंद करू नका. एसी लावा."

"रुकय्या, उकळेल ती!"

"नाही उकळणार. लावा म्हणते ना!"

मामूने दातओठ खाऊन बटण दाबलं. खट्. घुर्ररर! सगळी गाडी श्वास रोखून काट्याकडे बघत होती. काटा थबकला. मग खाली यायला लागला. आणि कोंडी तिथेच होती, ऊन तेच होतं, गाडी एक इंचही पुढे सरकली नव्हती!

"एसी लावला की पंखा फिरतो, पण पाणी तापल्यावर आपोआप फिरायला पाहिजे तो फिरत नाही," अल्फिया एका दमात म्हणाली. "म्हणून तुझ्या हातात तापत नाही आणि अम्मीच्या हातात तापते. आणि एसी लावू नकोस असं तिला तूच सांगितलंस!"

कोंडी फुटल्यावर त्याने गाडी दुकानाजवळ उभी केली, उतरून बॉनेट उघडलं आणि घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेला.

"मामू, नको!" कीर्तीने त्याचा सदराच ओढला. "गरम असताना झाकण उघडलंस तर उकळतं पाणी थेट तोंडावर!"

"हो, हो, बरोबर," मामू ओशाळून म्हणाला आणि दोन पावलं मागे झाला.

इंजिन निवेपर्यंत नावेदला खरोखरचं सरबत मिळालं. मग किल्ली काढून घेऊन सगळे आत वाकले. अल्फिया समोरून बघत होती. रेडिएटरच्या खालच्या अंगाला एक छोटा पितळी खटका होता. त्याची दोन टोकं उघडी, धुळीने माखलेली.

"याच्यावर काहीतरी बसत असणार. मामू, इथलं काय गेलं?"

मामूने पाहिलं. मग त्याने पुढच्या दिव्यांच्या मागची वायर पाहिली, तिथे काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळलेली होती, आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"या खुदा! हे मीच केलंय!"

अम्मीला लायसन्स मिळालं, तेव्हा मामूने तिला भेट दिली होती: कर्नाळ्याच्या खिंडीत धुक्यात दिसावं म्हणून दोन मोठे पिवळे दिवे. कुणा इलेक्ट्रिशियनला न बोलावता स्वतःच्या हाताने, आवारात बसून लावले होते.

"दिवे बसवताना एक जोड मोकळा केला होता, तो या पंख्याच्या खटक्याचाच असणार," मामू म्हणाला. "नंतर दिवे लागले, हॉर्न वाजला, गाडी सुरू झाली. मला वाटलं, हा जोड जास्तीचाच दिसतोय. लोंबकळत राहू नये म्हणून बाकीच्या वायरींबरोबर बांधून टाकला. नीटनेटका!"

"जास्तीचा?" कीर्तीला हसू आवरेना. "गाडी बनवणाऱ्यांनी काय उरली म्हणून वायर टाकली होती?"

मामूने चिकटपट्टी सोडवली. आतून दोन तारांचा एक छोटा जोड निघाला, अगदी कोरा करकरीत. तो लावायला मामू वाकला आणि मध्येच थांबला. त्याने जोड अम्मीच्या हातात दिला.

"तुझी गाडी आहे. तू लाव."

अम्मीने ओढणीच्या टोकाने खटक्याची धूळ पुसली आणि जोड दाबून बसवला. टक्!

तेवढ्यात मामूचा फोन वाजला. जीवनचा होता, तो दुपारच्या ऐवजी आताच यायला निघाला होता. मामूने एकदा अम्मीकडे पाहिलं. "येऊ नकोस, भाई. गाडी विकायची नाही," तो म्हणाला. "नाही रे, भावाचा प्रश्नच नाही. माझ्या बहिणीला कामावर जायला लागते ती."

मासळीची खरेदी उरकून परत निघताना मामूने किल्ली अम्मीपुढे धरली आणि मागच्या सीटवर जाऊन गुडघे दुमडून बसला. दादी पुढे, मांडीवर पापलेटांची पिशवी घेऊन. काचा खाली, एसी बंद. आणि उरण नाक्यावर परत कोंडी! मागच्या हॉर्नला घाबरून न जाता अम्मीने गिअर काढला, हँडब्रेक ओढला, पाय मागे घेतले.

काटा मध्यावर आला. थोडा पुढे सरकला. नावेदने कीर्तीचा हात इतका घट्ट धरला, की तिने त्याला चिमटा काढला.

घुर्ररर!

"आपोआप!" अल्फिया ओरडली. "अम्मी, आपोआप लागला!"

गाडीत एकच जल्लोष झाला. शेजारचा रिक्षावाला दचकून बघायला लागला. दादीने पिशवी सांभाळत मागे वळून तिघांच्याही गालांवरून बोटं ओवाळली आणि कानशिलावर कडाकडा मोडली. "माशाल्ला! मोठ्यांना सुचलं नाही ते पोरांनी शोधलं."

"कबूल, चाची," मामू म्हणाला. "आजपासून माझी गाडीसुद्धा मी यांनाच दाखवणार. आणि दिवे बसवायला इलेक्ट्रिशियन बोलावणार."

पुढची एसटी हलली. अम्मीने गिअर टाकला. मामू सवयीने पुढे झुकला. "रुकय्या, क्लच…"

दादीने मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"…छान सोडलास," मामू म्हणाला आणि मागे टेकून बसला.

अम्मी हसली. कितीतरी दिवसांनी अल्फियाने तिला असं खळखळून हसताना पाहिलं. गाडी टपाल नाका ओलांडून, गर्दीतून वाट काढत घरी पोचली. वर आल्यावर अम्मीने दारामागच्या खिळ्याकडे पाहिलं, किल्ली हातात एकदा खुळखुळवली आणि सरळ आपल्या पर्समध्ये टाकली.